ड्युअल फ्लशच्या टाकीत निळी वडी चालते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्याकडे ३/६ लिटरचा ड्युअल फ्लश आहे, टाकी भिंतीच्या आत. सोसायटीत बोअरचं पाणी येतं, त्यामुळे भांड्यात पाण्याच्या रेषेवर पिवळट थर धरतो. छोट्या बटणाच्या तीन लिटरने तो काय निघणार! म्हणून सासूबाईंनी टाकीत टाकायच्या निळ्या वड्या आणल्या.

प्लंबर म्हणतो, वडी ब्लीचवाली असेल तर टाकीतलं रबर खाते. ते पटतं. पाणी रात्रभर साठून राहिलं की क्लोरीनचा जोर वाढतो, वॉशर खराब होतो आणि पाणी झिरपत राहतं. मग पाणी वाचवणारा फ्लश घेऊन उपयोग काय? शिवाय कामाच्या मावशी भांड्यात अ‍ॅसिड ओततात. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा ब्लीचवाली वडी तर नकोच.

आमच्या पाकिटावर फक्त डिटर्जंट, रंग आणि सुगंध लिहिलंय. अशी वडी कुणी बरीच वर्षं वापरलीय का? वॉशरला काही झालं? विरघळलेला गाळ व्हॉल्व्हमध्ये अडकतो का? की भांड्याच्या काठाला अडकवायची जाळीवाली वडीच बरी?

आणखी एक. कुणी फ्लश केलेला नसतानाही भांड्याच्या मागच्या बाजूने बारीक निळी रेघ उतरताना दिसतेय. म्हणजे गळती आधीपासूनच असावी, रंगामुळे आता कळली इतकंच. बटणांची प्लेट काढून तिथूनच वॉशर बदलता येतो ना? टाइल फोडायला लागू नये म्हणजे मिळवली.