तळपायाच्या काळ्या डागाला फोटो बघून ‘काही नाही’ म्हणावं का?

त्वचारोगतज्ज्ञ, जिल्हा रुग्णालय
प्राथमिक आरोग्य केंद्रातून तळपायाच्या काळ्या डागाचा फोटो येतो आणि खाली एकच ओळ: ‘सर, तीळच आहे ना?’ माझं मत पक्कं आहे. फोटोवरून ‘पाठवा’ म्हणावं, ‘काही नाही’ म्हणू नये. आपल्याकडे मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, बऱ्याचदा तळव्यावर किंवा नखाखाली येतो. गोऱ्या माणसांच्या पाठीवरच्या तिळांवर झालेले अभ्यास इथे फारसे कामाचे नाहीत. शिवाय काही मेलॅनोमा काळे नसतातच. गुलाबी, ओलसर, न भरणारी जखम असते. फोटोत ती मधुमेहाची जखम किंवा पायाचं कुरूप (कॉर्न) वाटते. आणि कॅन्सर पसरून जांघेत आलेली गाठ फोटोत दिसत नाही, बोटांनाच लागते.

वैद्यकीय अधिकारी, प्रा. आ. केंद्र
सर, जांघ चाचपायला इथे मी आहे ना. ‘काही नाही’ म्हणायचंच नसेल तर फोटो मागवता कशाला? सरसकट पाठवलं की पेशंटचा रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं, आणि साध्या तिळांच्या रांगेत खरा मेलॅनोमा मागे राहतो. एकदा उगाच फेरी पडलेला माणूस पुन्हा जात नाही.

त्वचारोगतज्ज्ञ, डर्मोस्कोपी शिकवते
सर, नुसत्या मोबाइलच्या फोटोबद्दल तुमचं बरोबर, डर्मोस्कोपच्या, म्हणजे कातडीवर टेकवून बघायच्या दिव्याच्या भिंगाच्या, फोटोबद्दल नाही. तळव्यावर खोबण्या आणि उंचवटे असतात. रंग खोबणीत असेल तर बहुधा साधा तीळ. उंचवट्यावर असेल तर मेलॅनोमाचा संशय. उंचवटा ओळखायची खूण म्हणजे त्यावर एका ओळीत असलेली घामाच्या छिद्रांची पांढरी टिंबं.

पाय साबणाने धुवा. जाड कातडी १५ नंबरच्या ब्लेडने हलकी तासा. साकळलेलं रक्त असेल तर बऱ्याचदा तिच्याबरोबरच निघतं. आधी अख्ख्या तळव्याचा फोटो. मग शेजारी मोजपट्टी ठेवून २० सेंमीवरून, दुप्पट झूम करून; याहून जवळ गेलात तर फोकस सुटतो. मग जेल लावून १० पटीचा डर्मोस्कोप, बुडबुडे काढून. जोरात दाबू नका, रक्तवाहिन्या पांढऱ्या पडतात. खोबणी कळत नसेल तर मार्करने रंगवून स्पिरिटने पुसा, शाई खोबणीतच उरते. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो दाबला जातो आणि सगळ्यात आधी ही टिंबंच पुसली जातात.

त्वचारोगतज्ज्ञ, जिल्हा रुग्णालय
मॅडम, काळ्या मेंदीचा किंवा कलपाचा रंग उंचवट्यावरच बसतो. सावळ्या तळव्यांचे नैसर्गिक डागही उंचवट्यावर दिसतात. टाचेवर दाबाने रंगाच्या रेघा तिरक्या होतात. तुमची खूण तिथेच डळमळते.

वैद्यकीय अधिकारी, प्रा. आ. केंद्र
पण त्यात चूक झालीच तर ती जास्तीच्या रेफरलची, मेलॅनोमा सुटण्याची नाही. मेंदी कधी लावली ते विचारता येतं, दुसऱ्या तळव्याचा फोटो जोडता येतो. नखाखालच्या काळ्या डागाचंही तसंच. डागाच्या मागच्या कडेला नखावर खूण करून सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिमी वाढतं. रक्त असेल तर डाग पुढे सरकतो आणि मुळाशी स्वच्छ नखाचा पट्टा दिसतो. रंग नखाबाहेर कातडीवर आला असेल तर मात्र थांबायचं नाही.

पॅथॉलॉजिस्ट
वाद फोटोचा चाललाय, पण केस बिघडते ती पुढे. ‘संशय’ वाचून कुणीतरी वरचेवर खरवडून तुकडा पाठवतं. मेलॅनोमात ०.८ मिमी जाडीवरून पुढचं बरंच ठरतं, आणि तळ कापला गेला की जाडी मोजता येत नाही. शक्य असेल तर अख्खा डाग २ मिमी कडेसह काढा. मोठा असेल तर सर्वांत जाड भागातून पूर्ण खोलीचा तुकडा घ्या. सोबत डर्मोस्कोपीचा फोटो द्या, कुठे कापायचं ते आम्हाला कळतं.

त्वचारोगतज्ज्ञ, जिल्हा रुग्णालय
२०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्यक्ष तपासणी हवी का हे डॉक्टरने ठरवायचं, आणि जबाबदारीही त्याचीच. म्हणून सांगतो: डर्मोस्कोपीचे फोटो, दोन्ही तळवे आणि जांघ चाचपल्याची नोंद असेल, तर डागाला ‘काही नाही’ म्हणेन. न भरणाऱ्या जखमेला कधीच नाही.

वैद्यकीय अधिकारी, प्रा. आ. केंद्र
मान्य. जखमेला किती दिवस द्यायचे?

त्वचारोगतज्ज्ञ, जिल्हा रुग्णालय
चार आठवडे. मग पेशंट आधी पाठवा, फोटो नंतर.