मदत हवी आहे: एमडीए (मिनिमम डिसेंट अल्टिट्यूड, उतरण्याची किमान उंची) असताना सलग उतरायचं तर निर्णय कुठे घ्यायचा?

इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा (फक्त उपकरणांच्या आधारे विमान उडवण्याच्या परवानगीचा) अभ्यास करतोय. उतरायचं की नाही हे जिथे ठरवायचं ती उंची, म्हणजे डिसिजन अल्टिट्यूड (डीए), समुद्रसपाटीपासून आणि डिसिजन हाइट थ्रेशोल्डपासून (धावपट्टीच्या सुरुवातीपासून) मोजतात, कॅटेगरी १ आयएलएसला (रेडिओ संकेतांवर धावपट्टीकडे आणणारी यंत्रणा) ती हाइट २०० फुटांखाली नसते, इथवर पक्कं आहे. डीएला धावपट्टी दिसली नाही की गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं), आणि त्यात विमान जरा खाली गेलं तर ते हिशेबात धरलेलं असतं. एमडीएखाली मात्र, धावपट्टी दिसेपर्यंत, एक फूटही नाही.

अडलंय ते ग्लाइडस्लोप (आयएलएसचा उताराचा कोन दाखवणारा भाग) बंद असताना. फक्त लोकलायझरवर (दिशा दाखवणारा भाग), टप्प्याटप्प्याने न उतरता सलग ३ अंशांनी येतोय. सिम्युलेटरवर बरोबर एमडीएला थ्रॉटल दिला, नाक उचललं, तरी अल्टिमीटरची सुई खाली घसरलीच. नुसतं लवकर सावध राहून भागत नाही, ठरलेला आकडा हवा.

मग एमडीएत किती फूट मिळवायचे, आणि ते ठरवतं कोण: ऑपरेटर की नियामक?