मदत हवी आहे: व्हीसीडीएसमध्ये (फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांचं डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर) ड्राइव्ह मोडचा बदल सेव्ह होत नाही

फोक्सवॅगन ग्रुपच्या एमक्यूबी प्लॅटफॉर्मची २०१७ ची सेडान आहे, ऑटोमॅटिक, इको-स्पोर्ट असे ड्राइव्ह मोड निवडायचं बटण नाही. ०९ मध्ये (लाइट वगैरे सांभाळणारं मॉड्यूल) ३१३४७ हा सिक्युरिटी कोड टाकल्यावर लाइटची सेटिंग लगेच बदलता येते. १९ गेटवेत (गाडीतली सगळी मॉड्यूल्स एकमेकांना जोडणारं मॉड्यूल) मात्र ड्राइव्ह मोडचा बदल सेव्ह करताना एरर ३१ येतो, म्हणजे 'रिक्वेस्ट आउट ऑफ रेंज'. ३३ आला असता तर सिक्युरिटी कोड तपासला असता, २२ आला असता तर इग्निशन नि बॉनेटची अट. बॅटरी चार्जरवर आहे, ऑटो-स्कॅन (सगळ्या मॉड्यूल्सचा रिपोर्ट) आणि अ‍ॅडाप्टेशन मॅप (मॉड्यूलच्या सध्याच्या सेटिंग्जची यादी) आधीच सेव्ह केलेत.

गेटवेचा हा पार्ट नंबरच मोडला सपोर्ट करत नसेल का? की आधी ४४ स्टिअरिंग आणि ०२ गिअरबॉक्समध्ये कोडिंग लागतं? कंपनीतूनच बटण आलेल्या गाडीचा मॅप कोणाकडे असेल तर कृपया द्या. फक्त ताडून बघायचाय. दुसऱ्या गाडीचं कोडिंग स्टिअरिंगमध्ये जसंच्या तसं मुळीच टाकणार नाही.