लाइफ सेव्हर्स: भारतात न्यायला कोणत्या घ्याव्यात?

मोसंबी
दिवाळीला नाशिकला जातेय. दरवेळी बॅगभर चॉकलेटं नेते आणि घरी पोचेपर्यंत निम्म्यांचा लगदा होतो. या खेपेला कडक गोळ्याच न्यायच्या असं ठरवलंय. शेजारच्या अमेरिकन आजी म्हणाल्या, लाइफ सेव्हर्स घे, मधे भोक असलेल्या इकडच्या जुन्या गोळ्या. दुकानात गेले तर रोल, पिशव्या, मिंट, गमी... काहीच न घेता परत आले. खाणारे कोण, तर तीन भाचरं (सगळ्यात धाकटं ७ वर्षांचं), कट्टर शाकाहारी आई आणि पोलोवर जीव असलेले बाबा. काय घेऊ? आणि आजी असंही म्हणतात की 'आताचा रोल खरा नव्हेच'. म्हणजे काय?

कोकम_सरबत
गमी आईसाठी बाद, जिलेटिन असतं त्यात. फळांच्या कडक गोळ्या म्हणजे साखर, कॉर्न सिरप, सायट्रिक ॲसिड आणि रंग-स्वाद, त्या चालाव्यात. मिंटमध्ये मात्र स्टिअरिक ॲसिड असतं. ते वनस्पतीचं की प्राण्याचं हे पाकिटावरून कळत नाही. आई फारच काटेकोर असतील तर मिंट बाबांपुरती ठेव.

पम्या
मुलांना बिनधास्त दे. मधे भोक असतं ना, घशात अडकली तरी श्वास चालू राहतो. बनवणाऱ्याची मुलगी गोळी अडकून गेली, म्हणून त्याने भोक पाडलं आणि नाव ठेवलं लाइफ सेव्हर.

जुना_पत्ता
पम्या, ही गोष्ट इकडेही घरोघरी सांगतात, पण ती थाप आहे. या गोळ्या काढणाऱ्या क्लॅरेन्स क्रेनला मुलगीच नव्हती. एकुलता एक मुलगा होता, कवी हार्ट क्रेन. तो १९३२ साली मेक्सिकोच्या आखातात जहाजावरून उडी मारून बुडाला. जीवरक्षक कड्याच्या आकाराची गोळी बनवणाऱ्याचा मुलगा असा जावा! भोकाच्या भरवशावर मात्र कोणत्याच मुलाला गोळी देऊ नका.

खरं कारण मोसंबीच्या लगद्याचंच आहे. क्रेन ओहायोतला चॉकलेटवाला. उन्हाळ्यात चॉकलेट वितळायचं, खप पडायचा. म्हणून १९१२ मध्ये त्याने न वितळणारी पेपरमिंटची गोळी काढली आणि ती औषधाच्या गोळ्या पाडणाऱ्याकडून करून घेतली. त्या यंत्रावर मधे भोक ठेवलं की गोळी नीट पडायची. आकार पाहून नाव सुचलं. पुढच्याच वर्षी एडवर्ड नोबलने २,९०० डॉलरला सगळे हक्क घेतले. आधीच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात गोळ्यांना पुठ्ठ्याचाच वास लागायचा, म्हणून त्याने चकचकीत धातूच्या वर्खात गुंडाळी केली. मग दुकानदारांना गळ घातली, गल्ल्याजवळ ठेवा आणि सुट्ट्या पैशांत गिऱ्हाइकाला एक निकेल (पाच सेंटचं नाणं) आवर्जून द्या, म्हणजे तो त्याच्या गोळ्या घेईल. आपल्याकडे सुट्टे नाहीत म्हणून गोळी हातात टेकवतात, नोबलची तऱ्हा त्याच्या उलट! याच गृहस्थाने १९४३ मध्ये रेडिओचं जाळं विकत घेतलं, त्याचं पुढे एबीसी हे अमेरिकेतलं मोठं प्रसारण-जाळं झालं.

आता आजींचं. फळांचे स्वाद १९२१ पासून आले, पण सुरुवातीला त्या गोळ्यांना भोक नव्हतं. पाच स्वादांचा एकत्र रोल १९३५ चा: अननस, लिंबू (पिवळं), लाइम (हिरवं लिंबू), संत्रं, चेरी. जवळजवळ सत्तर वर्षं तोच चालला. २००३ मध्ये लिंबू आणि लाइम काढून रास्पबेरी आणि कलिंगड घातलं. आजींचा राग रास्त आहे. रोलमधली आंबट बाजूच गेली.

मोसंबी
अगं बाई! म्हणजे आजींना लाइम हवंय. आणि पुठ्ठ्याच्या वासावरून आठवलं, रोल घेऊ की पिशवी?

चिमटा
पिशवी, प्रत्येक गोळीला वेगळं वेष्टन असलेली. रोल एकदा उघडला की दमट हवेत गोळ्या एकमेकींना चिकटतात. आमच्या डोंबिवलीच्या घरी शेवटी सुरीने तोडून खाल्ल्या.

पाकिटावर कॅनडा वाचून दचकू नकोस. मिशिगनमधल्या हॉलंड गावच्या लाइफ सेव्हर्स कारखान्याचं काम क्विबेकला हलवायचं २००२ मध्ये जाहीर झालं, कारण आयात-कोट्यांमुळे अमेरिकेत साखर महाग आणि कॅनडात स्वस्त. ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

गिरणाकाठ
नाशिकला गोळ्या घेऊन जाताय म्हणून राहवेना. तुमच्याच जिल्ह्यात रावळगावला वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना १९३३ चा, आणि त्याची गोळी १९४२ पासूनची. तो ब्रँड २०२४ मध्ये रिलायन्सने २७ कोटींना घेतला. येताना आजींसाठी तिकडची एक पिशवी आणा. लाइम नसेल, पण फिट्टंफाट.

कोकम_सरबत
भाचरांसाठी विंट-ओ-ग्रीनची (लाइफ सेव्हर्सचीच एक मिंट) एक पिशवी मात्र हवीच. दिवे घालवून, डोळे पाच-दहा मिनिटं अंधाराला सरावले की आरशासमोर तोंड उघडं ठेवून कडकन फोडायची. निळी ठिणगी दिसते. साखरेचे स्फटिक मोडताना विद्युतभार सुटतो, हवेतला नायट्रोजन अतिनील प्रकाश देतो आणि गोळीतलं विंटरग्रीनचं तेल तो शोषून निळा करून टाकतं. फळांच्या गोळीत हे जमत नाही, तिथे साखर काचेसारखी गोठलेली असते, स्फटिक नसतात.

मोसंबी
ठरलं! फळांच्या दोन पिशव्या सगळ्यांना, विंट-ओ-ग्रीन भाचरांना आणि बाबांना.

चिमटा
बाबांना पेप-ओ-मिंट दे गं, पोलोच्या जवळची तीच. विंटरग्रीनचं तेल म्हणजे आपलं गंधपुरा तेल, मलमातलं. माझ्या सासऱ्यांनी एक तोंडात टाकली, जरा वेळ चघळली आणि विचारलं, "सूनबाई, ही खायची की पाठीला चोळायची?"