व्हॅस्क्युलर सर्जरीत (रक्तवाहिन्यांची सर्जरी) जायचंय, पण शिकवणं आणि रिसर्च धरून. कोणी या वाटेवर आहे का?

एमएस_शेवटचं_वर्ष
नमस्कार मंडळी, पुण्यात जनरल सर्जरीचं एमएस करतेय, शेवटचं वर्ष, नीट एसएसचा (सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा) अभ्यास चालू आहे आणि व्हॅस्क्युलरच घ्यायचं हे जवळपास ठरलंय. आमच्या युनिटला शुगरच्या पायाचे पेशंट सतत असतात, सोलापूर, बीड, नगरकडून येतात, बहुतेक वेळा बोट काळं पडल्यावरच, गावाकडे महिना महिना ड्रेसिंग झालेलं असतं पण पायाला रक्त पोचतंय का हे कोणी तपासलेलं नसतं, आणि मग पाय कापायच्या संमतीवर सही घेताना फार त्रास होतो. घरचे म्हणतात सुपरस्पेशालिटी झाली की सरळ कॉर्पोरेट हॉस्पिटल धर. मला मेडिकल कॉलेजात राहायचंय, शिकवायचंय, रिसर्च करायचाय. पण खरं विचारायचं तर व्हॅस्क्युलर सर्जनचा रिसर्च म्हणजे नक्की काय? बलून, स्टेंट तर कंपन्याच काढतात. मग आपण शोधायचं काय?

धमनीवाला
तू म्हणतो, चालेल ना. बरीच वर्षं एका टीचिंग हॉस्पिटलात आहे म्हणून लिहितोय.

वस्तू कंपनी काढते हे आता खरं आहे, पण पहिल्यापासून तसं नव्हतं. अडकलेली गुठळी बाहेर ओढायचा फोगार्टी कॅथेटर तू ओटीत बघितला असशील, तो थॉमस फोगार्टींनी विद्यार्थी असताना ग्लोव्हच्या बोटाचं टोक कॅथेटरला बांधून केला, १९६३ मध्ये पेपर आला आणि आजही आपण तोच वापरतो. पण तुझा प्रश्न आजचा आहे. आज आपलं मुख्य काम म्हणजे ही वस्तू पेशंटला पाच वर्षांनी, दहा वर्षांनी सुद्धा फायद्याची ठरते का हे शोधणं. ते कंपनीवर सोडून चालत नाही.

महाधमनीच्या फुग्याचं बघ, म्हणजे पोटातली मोठी धमनी फुगते तो आजार. १९९० मध्ये ब्युनोस आयर्सला पारोदींनी पोट न उघडता जांघेतून ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम नळी, आत नेऊन बसवला आणि सगळं जग त्या मागे गेलं. ब्रिटनच्या एव्हर-वन ट्रायलमध्ये २००४ ला पहिले आकडे आले तेव्हा तीस दिवसांतले मृत्यू आतून केलेल्यांत १.७ टक्के आणि पोट उघडून केलेल्यांत ४.७ टक्के, म्हणजे निकाल लागला असंच कोणालाही वाटेल. पण त्या लोकांनी पेशंट सोडले नाहीत, पंधरा वर्षं त्यांच्या मागावर राहिले आणि २०१६ ला दिसलं की आठ वर्षांनंतर चित्र उलटतं, ग्राफ्ट आत असूनही काहींचा फुगा पुढे फुटतो. त्यामुळे आज पन्नाशीतला पेशंट आणि ऐंशीतला पेशंट यांना आपण वेगळा सल्ला देऊ शकतो, आणि ग्राफ्ट बसवलेल्याला दर वर्षी स्कॅनला बोलावतो. मला आपल्या शाखेतलं सगळ्यात मोलाचं काम हेच वाटतं, ऑपरेशन झाल्यावरही पेशंटला धरून राहणं.

आता तुझ्या पायांकडे येतो. बायपास की बलून, म्हणजे अडलेल्या धमनीला वळसा घालून शीर जोडायची की आतून फुगा फुगवून ती उघडायची? २०२२ मध्ये बेस्ट-सीएलआय हा ट्रायल आला, १८३० पेशंट, सांगितलं की मांडीतली लांब शीर चांगली असेल तर बायपास सरस. पुढच्याच वर्षी बॅसिल-टू आला, ३४५ पेशंट, गुडघ्याखालचा आजार, तिथे आधी बलून केलेले पुढे. दोन्ही ट्रायल नीट झालेले, पेशंट वेगळे, निकाल वेगळे. आणि पहिला अमेरिका, कॅनडा, फिनलंड, इटली, न्यूझीलंडमधला, दुसरा ब्रिटन, स्वीडन, डेन्मार्कमधला. आपला सोलापूरचा पेशंट यातल्या एकातही नाही. शिवाय बिडी ओढणारा पस्तिशीचा बर्जरवाला (तंबाखूमुळे तरुणपणीच हातापायाच्या रक्तवाहिन्या बंद होण्याचा आजार), ज्याच्या पावलात बायपास जोडायला धड शीरच सापडत नाही, त्याचं काय? आपण शोधायचं ते हे.

आकडेवाली
मी डॉक्टर नाही, मेडिकल रिसर्चच्या स्टॅटिस्टिक्सचं काम करते. वर सरांनी फॉलोअपचं लिहिलंय त्याला पूर्ण अनुमोदन. पाय शाबूत ठेवून पेशंट किती काळ जगला हा तुमच्याकडचा महत्त्वाचा आकडा, आणि नेमका तोच आपल्याकडे हरवतो, कारण माणूस ऊसतोडीला निघून जातो, फोन नंबर बदलतो, आणि जो परत आला नाही तो बरा आहे असं धरून पेपर लिहिले जातात. हे कृपया करू नका. पहिल्या दिवशीच मुलाचा, शेजाऱ्याचा, गावातल्या आशाताईंचा नंबर घेऊन ठेवा.

हरवलेल्या माहितीने काय होतं याचं तुमच्याच शाखेतलं उदाहरण आहे. २०१८ च्या शेवटी एका विश्लेषणात आलं की पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेल्या बलून-स्टेंटनंतर काही वर्षांनी मृत्यू जास्त दिसतात, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१९ ला इशारा दिला, वापर घटला. मग जे पेशंट सुटले होते त्यांचा माग काढून आकडे पुन्हा मांडले आणि २०२३ मध्ये एफडीएने सांगितलं की जास्तीचा धोका दिसत नाही. मधली चार वर्षं डॉक्टर आणि पेशंट दोघंही संभ्रमात.

आणि ट्रायल करणार असाल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी, एथिक्स कमिटीची परवानगी, हे नंतर करू म्हणून चालत नाही.

कात्रजचा_मुलगा
डॉक्टर ताई, मी पेशंटकडचा आहे. वडिलांचा पायाचा बायपास झाला तेव्हा पाय राहील की नाही सांगता येत नव्हतं. आता रोज दूध आणायला स्वतः चालत जातात. त्यांच्या सर्जनच्या टीमकडून अजूनही फोन येतो, जखम आहे का, किती चालता, तंबाखू सोडली का. आम्हाला आधी वाटायचं फॉर्मॅलिटी आहे, नंतर कळलं अभ्यासासाठी माहिती ठेवतात. त्या फोनमुळे वडिलांनी तंबाखूला परत हात लावला नाही हे मात्र खरं. तुमच्यासारखे डॉक्टर कॉलेजात राहिले पाहिजेत.

धमनीवाला
कात्रजकर, वडिलांना नमस्कार सांगा, तंबाखू सुटली म्हणजे अर्धं ऑपरेशन त्यांनीच केलं.

बाकी व्यवहाराचं लिहायचं राहिलं. एमसीएच किंवा डीआरएनबी या सुपरस्पेशालिटीच्या पदव्या, एमएसनंतर तीन वर्षं. सीट घेताना उघडी ऑपरेशन्स आणि कॅथलॅब (बलून-स्टेंटचं काम) दोन्ही हातून होतात का हे तिथल्या रेसिडेंटना विचार, नुसतं एकच शिकलीस तर उद्या बायपास की बलून हा अभ्यास प्रामाणिकपणे करता येणार नाही. रिसर्चचा बीसीबीआर कोर्स नुसता पास व्हायला करू नकोस, त्यातली सॅम्पल साइझची लेक्चर्स दोनदा ऐक. पगार कॉर्पोरेटपेक्षा कमी असतो, घरच्यांना तो आधीच सांगून टाक.

आणि सुरुवात करायला एमसीएचची वाट कशाला बघतेस? शुगरवाल्यांच्या धमन्या कॅल्शियमने कडक होतात, मग घोट्याचं प्रेशर खोटं चांगलं येतं, एबीआय (घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं प्रेशर) १.४ च्या वर दिसला की पाय छान आहे असं लिहून लोक मोकळे होतात. पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घेतलं तर तिथेच कधी कधी ३० च्या खाली सापडतं. तुमच्या युनिटला येणाऱ्या प्रत्येक पायाचं दोन्ही मोजून लिहून ठेव.

एमएस_शेवटचं_वर्ष
सर, खूप आभार, आकडेवाली ताई तुमचेही. अंगठ्याचं प्रेशर आमच्याकडे कोणी घेत नाही, छोटा कफ मिळतो का ते उद्या स्टोअरमध्ये विचारते. गाईडना प्रपोजल दाखवण्याआधी इथे टाकलं तर बघाल का? आणि ताई, सॅम्पल साइझसाठी मेसेज करू का?

आकडेवाली
कर गं, बिनधास्त. फक्त डेटा गोळा करायच्या आधी कर.