पुतण्याच्या बॅगेत इंजेक्शन सापडलं, त्याच्याशी बोलू कसं?

मंडळी, मदत हवी आहे.

मोठ्या भावाचा मुलगा लातूरला तालमीत असतो. वय १९, गादीवरची कुस्ती. दिवाळीला गावी आला तेव्हा बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली मेफेंटरमाईनची अर्धी बाटली आणि सिरिंज सापडली. ऑपरेशनच्या वेळी बीपी फार उतरला तर वर आणायला देतात ते औषध. उत्तेजक म्हणून स्पर्धेत त्यावर बंदी आहे.

दादाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर हात उचलील, आणि पोरगं तालीमच सोडील.

एकटं गाठून विचारलं तर म्हणतो, "काका, समोरचा घेतोय. मी काय हरायलाच उतरू?" नरसिंग यादवचं सांगून पाहिलं. २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर उत्तेजक चाचणीत अडकला, खाण्यात कुणीतरी मिसळलं म्हणाला, नाडानं, म्हणजे देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेनं, सोडलंही, पण क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. तर म्हणे, "तो ऑलिंपिकचा पैलवान. जत्रेच्या मैदानात कोण लघवी तपासतंय?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मला यात पदकाची हाव दिसत नाही. सोयाबीनच्या पैशातून त्याचा बदाम-तुपाचा खुराक चालतो, अन् घरात त्याचा हिशेब रोज निघतो. पूर्वी हरला तरी रात्री फोन करून सांगायचा, ढाक कुठं फसली, पट कसा सुटला. खांदा दुखावल्यापासून हरला की फोनच उचलत नाही.

वस्तादांकडं जावं का? त्यांनाच ठाऊक असेल तर?

प्रतिसाद
मी बीडला शर्यतीत पळणारी पोरं सांभाळतो. वस्तादांचं नंतर बघू. आधी ईसीजी काढा, हे औषध हृदयाशी खेळतं. बंदीची भीती घालू नका, पकडलं जाणार नाही असंच या वयात वाटतं. "सगळेच घेतात" हे मात्र तपासून बघण्यासारखं आहे. १९८० च्या दशकात गोल्डमन नावाच्या डॉक्टरनं खेळाडूंना विचारलं होतं: पदक नक्की, पण पाच वर्षांत मरण, गोळी घ्याल? निम्मे हो म्हणाले, असं त्यानं लिहिलं. २०१३ च्या अभ्यासात हो म्हणणारे अगदी मोजके निघाले. म्हणजे "सगळेच" तयार असतात असं नाही. अन् खुराकाचा हिशेब त्याच्यादेखत काढणं बंद करा. निकाल विचारू नका, डाव विचारा.

धागाकर्ता
ईसीजीला उद्याच नेतो. हिशेबाचं दादाशी बोलावं लागेल, इंजेक्शनचं नाव न काढता. ते कसं जमवू, तेही सांगा.