चार्ली बर्लीची एकच फिल्म, आणि मला तीही कंटाळवाणी वाटली

कोपऱ्यातलं स्टूल:
अकोल्यात कॉलेजला असताना तीन वर्षं बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातले, जिल्ह्याच्या पुढे काही गेलो नाही. म्हणजे जाणकार वगैरे नाही, पण अगदीच प्रेक्षकही नाही.

हेवीवेट जगज्जेता जो फ्रेझियरचे ट्रेनर एडी फच पिट्सबर्गच्या चार्ली बर्लीला आपण पाहिलेला सर्वांत परिपूर्ण बॉक्सर मानायचे, हे वाचलं आणि त्याच्या फाइट्स शोधायला लागलो. सापडली एकच. 1946, ऑकलंड, समोर तिथलाच बिली स्मिथ. रात्री जेवण उरकून, हेडफोन लावून बसलो. आणि खरं सांगू? तिसऱ्या राउंडला जांभई आली. हात खाली सोडलेले, कमरेतून मागे झुकतोय, मध्येच एखादा ठोसा. आमच्या सरांनी असा गार्ड बघितला असता तर मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या असत्या. माझं काय चुकतंय?

जुनी रिळं:
तुमचं चुकत नाहीये, नमुनाच तुटपुंजा आहे. बर्ली 1936 ते 1950 खेळला, शंभरच्या आसपास फाइट्स. त्यातली ही एक उरली, तीही समोरचा वजनाने बराच मोठा असताना. 21 एप्रिल 1944 ला हॉलिवूडमध्ये त्याने आर्ची मूरला खाली पाडून दहा राउंडात हरवलं. हाच मूर 1952 मध्ये लाइट हेवीवेट वजनगटाचा जगज्जेता झाला. त्या रात्रीची फिल्म मिळाली तर मी घर गहाण टाकीन. (बायको हा धागा वाचत नाही.)

दुसरं म्हणजे फ्रिट्झी झिविक. 1938-39 मध्ये बर्लीने त्याला तीनपैकी दोनदा हरवलं. 1940 मध्ये हेन्री आर्मस्ट्राँगला हरवून जगज्जेता कोण झाला? झिविक. बर्लीला किताबाची एकही लढत मिळाली नाही. काळा, जिंकायला अवघड आणि तिकीटबारीवर फायदा नाही, मग त्याच्याशी कोण कशाला खेळेल? शेवटी पिट्सबर्गमध्ये कचऱ्याच्या गाडीवर नोकरी केली.

सांगलीकर साउथपॉ:
पण 1940 च्या दशकात कॅमेरे होते की! जो लुईच्या एवढ्या फाइट्स दिसतात त्या कशा?

जुनी रिळं:
लुई जगज्जेता होता, त्याच्या फिल्मला थिएटरात गिऱ्हाईक होतं. मूळ मात्र त्याच्याही मागे आहे. 4 जुलै 1910 ला जॅक जॉन्सनने जेफ्रीजला लोळवलं. काळ्या माणसाने गोऱ्याला बदडल्याची ती फिल्म अनेकांना सहन होईना. 1912 मध्ये अमेरिकेत कायदाच आला, फाइटच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी. तो उठला 1940 ला. कायदा मोडून रिळं फिरायची, पण ती मोठ्या फाइट्सची. ऑकलंड किंवा सॅन दिएगोच्या हॉलमधल्या दोन काळ्या बॉक्सरांवर कोण पैसे घालणार? पुढे टीव्हीने बॉक्सिंग घरोघरी नेलं, तोवर बर्लीचे दिवस सरत आले होते. शिवाय तेव्हाची बरीचशी फिल्म नायट्रेटची, नीट ठेवली नाही तर सडते, नाहीतर पेटते.

बर्लीच्या आधीच्या पिढीतल्या हॅरी ग्रेबचं तर त्याहून वाईट. तीनशेच्या घरात फाइट्स, पुढे हेवीवेटचा जगज्जेता झालेल्या जीन टनीला व्यावसायिक कारकिर्दीत हरवणारा तो एकटाच, आणि खऱ्या फाइटची एक फ्रेम हाती नाही. सरावाची थोडी दृश्यं आहेत, तेवढीच.

शंकासुर:
जरा विरोधी सूर लावतो. फिल्म नाही म्हणून तर दंतकथा फुगत नाही ना? एझार्ड चार्ल्सने बर्लीला 1942 मध्ये दोनदा हरवलंय. होल्मन विल्यम्सशी सात वेळा गाठ पडली, दोघांनी तीन-तीन जिंकल्या आणि एक निकालाविना. मग विल्यम्सचा उदो उदो का नाही? त्या काळात बाजूला ठेवलेल्या काळ्या बॉक्सरांची आख्खी फळी होती. लॉईड मार्शल, एडी बुकर, कोको किड, जॅक चेस. एकमेकांशीच खेळून एकमेकांना झिजवत राहिले बिचारे. आपण त्यातला एक उचलून देव्हाऱ्यात बसवला, इतकंच.

जुनी रिळं:
विल्यम्सबद्दल शंभर टक्के मान्य. पण चार्ल्स बर्लीहून अंगाने मोठा, पुढे हेवीवेटचा जगज्जेता झाला, तेवढं हिशोबात धरा.

स्टूलराव, एक करून बघा. लॅपटॉपच्या स्क्रीनचा वरचा अर्धा भाग वर्तमानपत्राने झाका आणि फक्त पाय बघा. हात खाली ठेवणं हे आमिष आहे. समोरच्याने मारावं आणि तो पोचू नये, इंचभराने. गंमत त्या इंचात आहे.

कोपऱ्यातलं स्टूल:
केलं. लोकसत्ता चिकटपट्टीने लावला, मुलगी म्हणाली बाबांचं डोकं फिरलं.

चार राउंड तसेच पाहिले. स्मिथचे पाय सारखे येतात-जातात. बर्लीचे जागेवरच आहेत असं वाटतं, पण मागचा पाय वीतभर सरकलेला असतो आणि तो कधी सरकला ते मला एकदाही पकडता आलं नाही. रिवाइंड करूनही. आमचे सर अंतराबद्दल घसा कोरडा करायचे, आम्ही जॅबच (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारत बसायचो.

उद्या पुढचे सहा. पेपर तसाच ठेवलाय.